एका आलमारीचे उत्खनन

दहावीनंतर मी कॉमर्सला गेलो, तेव्हा इतिहासाला आणि मला दोघांनाही सुटल्यासारखं झालं. सनावळ्या माझ्या डोक्यात कधी टिकल्याच नाहीत. पानिपतची लढाई कोणत्या साली झाली असं गुरुजींनी विचारलं, की मी तिन्ही लढायांची सरासरी काढून सांगत असे. पुढं बँकेत चिकटलो. तिथं इतिहास म्हणजे खातेदाराचा मागच्या सहा महिन्यांचा उतारा. त्याच्याही मागं जायची वेळ आलीच, तर ती ऑडिटरवर येते, कारकुनावर नाही. असा मी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी इतिहास-संशोधक झालो, तो स्वयंपाकघरातल्या आलमारीमुळे.

पुण्या-मुंबईकडे जिला कपाट म्हणतात तिला आमच्या भंडाऱ्यात आलमारी म्हणतात. आमच्या हिनं मात्र हल्ली तिचं नाव 'किचन कॅबिनेट' ठेवलं आहे. कॅबिनेट म्हटलं की मला मंत्रिमंडळच आठवतं, आणि खरं सांगायचं तर फारसा फरकही नाही. तिथंही खातेवाटप आहे. मिठा-मसाल्याचं वजनदार खातं हाताशी, डाळी मधल्या फळीवर, आणि अगदी वरच्या फळीवर बिनखात्याचे मंत्री, म्हणजे झाकण हरवलेले डबे. त्यांना काढता येत नाही आणि कामही देता येत नाही.

ही आलमारी बाबांनी घर बांधलं तेव्हाची, म्हणजे १९७२ची. अस्सल सागवान. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. त्या वाढईनं ती भिंतीत अशी बसवली, की पुढं घराला तडे गेले पण आलमारीला गेले नाहीत. तिला रंग मात्र वेळोवेळी दिला गेला, आणि अलीकडे त्या रंगाचे पोपडे पडायला लागले होते. एक दिवस वरणात एक पोपडा निघाला. मी तो कढीपत्ता समजून ताटाच्या कडेला ठेवला. हिनं मात्र उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "दिवाळीला वन्सं येणार आहेत, बाळाला घेऊन. चौदा महिन्यांचं पोर ते, हाताला येईल ते तोंडात घालतं. त्याच्या आत या आलमारीचं काही तरी करा."

आमची धाकटी लग्नानंतर प्रथमच पोराला घेऊन माहेरी दिवाळी करणार होती. तेव्हा 'काही तरी करा' याला अपील नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळणं म्हणजे मार्चअखेर बँक मॅनेजर रजेवर सापडणं. एक मिळाला. त्यानं आलमारीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, दिवाळी झाल्यावर पाहू ना जी." मी म्हटलं, मग मीच रंगवतो. हे वाक्य मी फार मोठ्यानं म्हटलं असावं, कारण आतून आई बाहेर आली.

"तू?" ती म्हणाली. बस्स, एवढंच.

थोड्या वेळानं तिनं दुसरी सूचना केली, की रंगवायचंच असेल तर मागचं दार लावून घे. लोक पाहतील. पगार पुरत नाही की काय म्हणतील. आईचं चुकलं नव्हतं. शेजारच्या काकांनी तारपिनाच्या वासावरून ओळखलंच आणि कुंपणावरून विचारलं, "काऊन जी, बँकेचं काही कमीजास्त झालं का?" परदेशात साहेब शनिवार-रविवारी स्वतःचं घर रंगवतो आणि सोमवारी कचेरीत ते अभिमानानं सांगतो. आपल्याकडे कारकुनाच्या हातात ब्रश दिसला, की त्याच्यावर चौकशी बसली असणार असं समजतात. स्वतःच्या हातानं रंग लावणं हे विलायती खूळ आहे, असं त्या दिवसापर्यंत मीही मानत होतो.

सकाळी डबे उतरवले. लोखंडी पत्री घेतली आणि पोपडे खरवडायला बसलो. आणि तिथं इतिहास सुरू झाला.

आमच्याच जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खातं यांनी मिळून उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडी म्हणून जी टेकडी लोक पिढ्यान्पिढ्या पाहत होते, तिच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. वरून खाली जावं तसा काळ मागं जातो, एवढं उत्खननाचं तत्त्व मला कळतं. आमच्या आलमारीत सर्वांत वर क्रीम रंग निघाला. तो माझ्या लग्नाच्या वेळचा. त्याच्याखाली गुलाबी. हा कोणत्या राजवटीतला, हे घरात कोणीही कबूल करेना. त्याखाली आकाशी. आकाशीखाली जाड, कठीण, चकचकीत हिरवा, आणि हिरव्याच्याही खाली, एका कोपऱ्यात, मधासारखा पिवळसर-तांबूस पातळ थर. त्याच्याखाली सागवान. चार रंग आणि एक पॉलिश. मौर्य, सातवाहन, वाकाटक या क्रमानं मी ते पाठ करून टाकलं. शाळेत असं काही शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

घसारा म्हणजे काय, हेही मला त्याच दिवशी कळलं. बी. कॉम.ला घसाऱ्याच्या दोन पद्धती होत्या, आणि परीक्षेत मी नेहमी तिसरीच वापरीत असे. आता तासभर पॉलिशपेपर घासल्यावर समजलं, की वस्तू घासली की ती कमी होते, आणि घासणाराही कमी होतो. पुस्तकात फक्त वस्तूचा घसारा देतात.

दाराच्या आतल्या बाजूला कोणत्याच राजवटीनं रंग दिलेला नव्हता. रंगाऱ्यांची ही जुनी रीत. जे दिसत नाही ते रंगवायचं नाही, हिशेबात मात्र धरायचं. तिथं पेन्सिलीनं, बॉलपेननं, एके ठिकाणी बहुधा काजळानं, आईच्या अक्षरात तारखा होत्या. 'गॅस लावला १४ ऑगस्ट', 'गॅस लावला २ ऑक्टोबर'. अशा पन्नासएक नोंदी, १९८४पासूनच्या. कारकुनी सवयीनं मी लगेच दोन तारखांमधले दिवस मोजायला लागलो. साधारण पस्तीस-चाळीस दिवसांना एक सिलिंडर. एकदा मात्र नुसते एकोणीस दिवस. मी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हाचं. तेरा दिवस माणसं होती ना घरात." मी पत्री खाली ठेवून चहा मागितला.

चहा होईपर्यंत त्या तळच्या तांबूस थराकडे पाहत बसलो. तो कशाचा, हे मला नंतर कळलं. तो चपडीचा, म्हणजे लाखेचा. आमच्या भंडारा-गोंदियाच्या जंगलात पळसाच्या फांद्यांवर एक बारीक कीड बसते, झाडाचा रस पिते आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करते. तीच लाख. ती खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापड्या केल्या की झाली चपडी, आणि चपडी स्पिरिटमध्ये विरघळवली की झालं लाकडाचं पॉलिश. विलायतेत त्यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात. कीड आपली, पळस आपला, नाव फ्रान्सचं. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही याच चपडीच्या असत. म्हणजे बालगंधर्व ज्या वस्तूवर गायले, तीच वस्तू आमच्या तिखटामिठाच्या आलमारीला फासली होती.

आणि तो हिरवा? हिरव्याची गोष्ट जवसापासून सुरू होते.

जवस आमच्याकडचंच. धान कापणीला येतं तेव्हा बांधीत अजून ओल असते. त्या ओलीवर, उभ्या धानातच, लाखोरी आणि जवस फेकून द्यायचं. नांगरट नाही, खर्च नाही, धान निघालं की खालून हे वर येतं. कोवळ्या उन्हात जवसाची निळी फुलं पाहिली, की फुकटात आलेल्या मालालाही रूप असतं हे पटतं. आमच्या आजीच्या काळात गरिबाघरची फोडणी याच तेलाची असे. वास उग्र. पाहुणे नाक मुरडत, पण जेवून जात.

या तेलात एक गुण आहे, जो शेंगदाण्याच्या तेलात नाही. हे तेल वाळतं. वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि पातळ कातड्यासारखं घट्ट होतं. असं होताना त्याचं वजन उलट वाढतं. ठेव तशीच राहते आणि वर व्याज चढतं, असं बँकेबाहेर घडलेलं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. जवसाच्या तेलाच्या बाटलीच्या गळ्याशी जी चामड्यासारखी चिकट साय धरते, ते दुसरं काही नसून व्हार्निशच आहे. त्यात रंगाची पूड घोटली की झाला ऑइलपेंट. आपल्या अजिंठ्याचे रंग तेलातले नव्हेत, डिंकासारख्या चिकट द्रव्यातले. परंतु अफगाणिस्तानात बामियानच्या बौद्ध गुहांमध्ये सातव्या शतकाच्या सुमाराची जी चित्रं आहेत, त्यांतल्या काहींमध्ये वाळणारं तेल असल्याचं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. युरोपात तैलरंगाचा शोध लागला असं आपण शाळेत शिकलो, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

गेल्याच्या आदल्या शतकात विलायतेत आगगाड्या, जहाजं, पूल आणि घरं यांचं पेव फुटलं, आणि प्रत्येकाला रंग हवा. रंगाला तेल हवं. १८८०च्या सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे टाकली गेली. ती आमच्या वरठीवरून, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवरून, पुढं तुमसर रोडवरून जाते. मध्यप्रांताचं जवस पोत्यांनी मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जाऊ लागलं. तिकडे त्याचं तेल निघे, तेलाचा रंग होई, आणि तोच रंग डब्यात बसून इकडे येई. रेल्वेचे डबेही त्याच रंगानं रंगत असतील. म्हणजे आमच्या जवसानं परतीचं भाडंही आमच्याचकडून घेतलं. देशात रंगाचा पहिला मोठा कारखाना १९०२ मध्ये निघाला, तो कलकत्त्याजवळ हावड्याला, शालिमारचा.

अजून एक गंमत आहे. जवसाचं तेल वाळतं खरं, पण सरकारी गतीनं. त्याला वाळायची घाई करायला लावायची, तर त्यात चिमूटभर धातूचं मीठ घालावं लागतं, आणि त्या कामात मँगनीज फार जुनं. पूर्वी तेल कढवताना त्यात मँगनीजची भुकटी टाकत. आता हे मँगनीज कुठं सापडतं? तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्गला! १८९६ मध्ये साहेबानं मध्यप्रांतात मँगनीज शोधायला सिंडिकेट काढली, आणि १९६२ पासून त्या खाणी आपल्या 'मॉयल'कडे आल्या. डोंगरी बुजुर्गचा माल तर टॉर्चच्या सेलसाठी प्रसिद्ध. इतकं सगळं वाचल्यावर रंगाच्या डब्याकडे मी वेगळ्याच नजरेनं पाहायला लागलो. तेल आमचं, घाई आमची, तळाचं पॉलिश आमचं. फक्त डबा आणि किंमत तेवढी बाहेरची.

डब्याला मात्र नावं ठेवता येत नाहीत. पूर्वी रंगारी पूड आणायचा, तेल आणायचा, दगडावर घोटायचा, आणि हे शास्त्र बापाकडून मुलाकडे जायचं. त्यामुळं घरच्या माणसानं रंगवायचा प्रश्नच नव्हता. मग अमेरिकेत शेरविन-विल्यम्स कंपनीनं १८७७ मध्ये पुन्हा घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या डब्याचं पेटंट घेतलं. तयार रंग, उघडा, लावा, उरला तर झाकण ठोका. घरच्या माणसाच्या हाती ब्रश आला तो त्या झाकणामुळे. (आमच्या घरी उरलेल्या रंगाचे सात डबे आहेत. सातही झाकणं घट्ट बसली आहेत. आता ती उघडत नाहीत.)

तेव्हा पुन्हा तोच सवाल, की हे खूळ विलायतीच ना? मलाही तसंच वाटत होतं. पण खरवडता खरवडता मला पोळा आठवला.

पोळ्याला बैलाची शिंगं कोण रंगवतं? रंगारी? छे! धनी स्वतः रंगवतो. शंभर एकरांचा पाटील असला तरी तो धोतर खोचून बैलासमोर बसतो आणि हिंगूळ लावतो. हिंगूळ गेला, ऑइलपेंट आला, पण लावणारा हात तोच. एशियन पेंट्स ही कंपनी १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी काढली. मोठमोठ्या कंपन्यांपुढं शहरात त्यांची डाळ शिजेना, तेव्हा त्यांनी खेड्यांकडे मोर्चा वळवला आणि अगदी छोट्या डब्यांतून रंग विकला. पोळ्याला शिंगं रंगवण्यापुरता रंग लोकांना हवा असतो, हे त्यांनी हेरलं असं सांगतात. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांना गट्टू काढून दिला. कपाळावर केस आलेला, हातात बादली-ब्रश घेतलेला तो खट्याळ पोरगा. नीट पाहा, गट्टू रंगारी नाहीच. तो घरातलाच, कोणाचं न ऐकता स्वतः रंगवायला निघालेला कारटा आहे.

आणि पोळ्याच्याही आधी मारुती. गावोगावच्या मारुतीला शेंदूर आणि तेल कोण लावतं? ज्याला इच्छा होईल तो. शेंदूर म्हणजे रसायनाच्या भाषेत शिशाचा ऑक्साइड. तो तेलात कालवून लावला, की तो ऑइलपेंटचा सख्खा भाऊच झाला! वर्षानुवर्षं थरावर थर चढतात, आणि एखादे वेळी ती खोळ गळून आतली जुनी मूर्ती दिसते. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीवरचं शेंदराचं जाड कवच काढलं, तेव्हा आतलं मूळ रूप पाहायला महाराष्ट्र लोटला. म्हणजे देवाला आपण स्वतः रंगवतो, बैलाला स्वतः रंगवतो, आणि आलमारीला रंगवायची वेळ आली की आई म्हणते, दार लावून घे! हा मुद्दा मी आईपुढं मांडला. ती म्हणाली, "मारुतीच्या आत डबे नसतात."

याच वेळी आमच्या गल्लीतले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक वास घेत घेत आत आले. मी मोठ्या उत्साहानं त्यांना माझं शेंदराचं संशोधन सांगितलं. ते ऐकतच नव्हते. ते जमिनीवरच्या हिरव्या भुकटीकडे पाहत होते. टेबलफॅन चालू होता, म्हणजे भुकटी जमिनीवर होती, ओट्यावर होती, आणि माझ्या मिशीवरही होती.

"पंखा बंद करा आधी," सर म्हणाले. "हा हिरवा केव्हाचा?"

मी म्हटलं, "बाबांनी दिलेला, १९८१चा."

बाबांनी तो रंग का निवडला, ते मला आठवत होतं. मळखाऊ म्हणून. सरकारी कचेरीची दारं, शाळेची बाकं, पोस्टाच्या खिडक्या, सगळ्यांना तोच हिरवा असे. जो रंग सरकारला टिकतो तो आपल्याला टिकेल, असा शिक्षकी हिशेब. आणि तो टिकला होताच. क्रीम, गुलाबी, आकाशी सगळे सोलून निघाले. हिरवा हलायला तयार नव्हता.

सरांनी मग शांतपणे तास घेतला. जुन्या तैलरंगातला हा हिरवा पुष्कळदा दोन रंग मिसळून होत असे. निळा, आणि शिशाचा पिवळा. शिसं घातलं की रंग झाकतो चांगला, टिकतो चांगला, वाळतो चांगला. फक्त पोटात गेलेलं चांगलं नाही. मोठ्या माणसाला पुरतं कळायच्या आत ते लहान मुलाच्या मेंदूपर्यंत पोचतं, आणि इतकं चालेल अशी मर्यादा डॉक्टरांना सापडलेली नाही. हे आज कळलं असंही नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये लिहून ठेवलं, की मुलं आजारी पडतात ती व्हरांड्याच्या कठड्यांच्या रंगानं. उन्हानं रंगाची भुकटी होते, पोरं कठड्याला हात लावतात आणि तो हात तोंडात घालतात. त्या प्रांतानं १९२२ मध्ये कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, जिनिव्हाला जागतिक करार झाला. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेनं १९७८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे नियम झाले ते २०१६ मध्ये, आणि लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. रंगात दहा लाख भागांत शिसं ९० भागांपेक्षा जास्त नको.

मी मनात वजाबाकी केली. १९०४ आणि २०१७. एकशे तेरा वर्षं. कर्ज वसुलीची फाइलसुद्धा इतकी पडून राहत नाही.

"या हिरव्यात शिसं असेलच असं नाही," सर म्हणाले. "प्रयोगशाळेत पाठवला तर कळेल. तोवर आहे असं धरून चाला." हे मला लगेच समजलं. ऑडिटर असाच चालतो. कागद मिळेपर्यंत तुम्ही दोषी.

पुढचे चार दिवस मी रजा काढली आणि उत्खनन बंद केलं. कोरडं घासायचं नाही, पत्री चालवायची नाही, दिवा लावून रंग जाळायचा तर मुळीच नाही. आई आणि ही, दोघींना मामांकडे पाठवलं. खाली प्लॅस्टिक अंथरलं. नाकाला साधा रुमाल नव्हे, धुळीचा चांगला मास्क लावला. सुटलेले पोपडे तेवढे पाणी शिंपडून, ओल्या वॉटरपेपरनं काढले. घट्ट बसलेला हिरवा तसाच राहू दिला. झाडू मारला नाही. साबणाच्या पाण्यानं ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत तीनतीनदा पुसून घेतलं आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. कपडे वेगळे धुतले. बाबांच्या मळखाऊपणाची इतकी स्वच्छता कधी झाली नव्हती.

मग एक नवीच अडचण. स्वयंपाकघरातल्या लाकडावर पन्नास वर्षांच्या फोडणीचं तेलकट किटण असतं, आणि त्यावर रंग धरत नाही. मारला की सुरकुततो, नाही तर आठ दिवसांनी सालपटासारखा निघतो. हे मला कोपऱ्यात ब्रश मारून पाहिल्यावर कळलं. मग धुण्याचा सोडा, कोमट पाणी आणि मी. ते किटण म्हणजे जवसाचीच धाकटी भावंडं. तेल हवेनं घट्ट झालेलं. आजीच्या फोडणीनं भिंतींवर इतकी वर्षं आपोआप व्हार्निश लावलं होतं, आणि आम्ही उगाच बाजारातून आणत होतो.

त्यानंतर लाकूड वाळू दिलं. खाचांत पुट्टी भरली, अस्तराचा एक हात दिला, आणि डब्यावर शिसं घातलेलं नाही असं छापलेला पांढरा इनॅमल आणला. या पांढऱ्यात आता शिशाऐवजी टायटॅनियम असतं. तेही आपल्या केरळच्या समुद्राच्या वाळूत सापडतं. त्रावणकोर टायटॅनियमचा कारखाना १९४६चा. गॅसची टाकी बाहेर काढून ठेवली, कारण तारपीन पेट घेतं. पहिला हात पातळ दिला. रात्रभर थांबलो. दुसऱ्या हाताला ओघळ आले. सरळ रेषेत तीन ओघळ आहेत, ते अजून आहेत. पाहुण्यांना मी ते लाकडाचे आस म्हणून सांगतो.

हिशेब मांडला तेव्हा रंगाऱ्याच्या भावापेक्षा मला दीडपट खर्च आला होता. त्यात चार दिवसांची रजा धरलेली नाही. आईनं हिशेबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं आधी दार उघडून आतली बाजू पाहिली. ती मी रंगवलेली नव्हती, ओल्या फडक्यानंही जपून पुसली होती. तिनं नवा सिलिंडर लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि शेवटच्या तारखेखाली तारीख घातली.

धनत्रयोदशीला धाकटी आली. पोरगं दारातच मांडीवरून उतरलं. मी त्याला उचलून थेट स्वयंपाकघरात नेलं. कौतुक व्हायला पाहिजे होतं ना! पांढरीशुभ्र आलमारी. पोरानं तिच्याकडे पाहिलंही नाही. ते खाली उतरलं, रांगत रांगत पुढच्या खोलीत गेलं, खिडकीला धरून उभं राहिलं, आणि खालच्या गजाला तोंड लावलं.

गजांना तोच हिरवा होता. बाबांनी एकाच डब्यात दोन्ही कामं उरकली होती.

"अगं, उचल त्याला!" असं ओरडत मी धावलो, ते ओल्या फडक्यासकट.